मुलगा ‘एल्डर’ होऊन फिलिपीन्सला निघालाय

सप्रेम नमस्कार ताई,

आम्ही मूळचे सांगलीचे. अमेरिकेत येऊन 13 वर्षं झाली, त्यातली 9 युटामध्ये, लीहाय गावी. ग्रीन कार्ड मागच्या वर्षी मिळालं. मुलगा 19 वर्षांचा आहे. शाळेतले त्याचे जवळचे मित्र सगळे मॉर्मन, म्हणजे युटातल्या त्या ख्रिस्ती पंथाचे, ज्यात चहा वर्ज्य असतो. अकरावीत असताना त्याने चहा सोडला, तेव्हा मला वाटलं पित्तामुळे असेल. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने बाप्तिस्मा घेतला आणि आम्हाला तीन दिवसांनी सांगितलं. आता त्याला मिशनचा कॉल आलाय, म्हणजे चर्चतर्फे धर्मप्रचाराला जायचं बोलावणं. फिलिपीन्स, टागालोग भाषा, दोन वर्षं. ऑक्टोबरमध्ये निघायचंय. यजमान त्याच्याशी बोलत नाहीत. ‘एक डॉलर देणार नाही, आणि गेलास तर परत येऊ नकोस,’ असं ते एकदा बोलून गेले. मुलगा म्हणतो, आई, चर्चमध्ये माझ्या फेअरवेलला तरी ये. मी गेले तर हे सगळं मला मान्य आहे असं होईल का? सासूबाई सांगलीत असतात, वय 84. त्यांना ‘कंपनीच्या ट्रेनिंगला चाललाय’ असं सांगायचं आम्ही ठरवतोय. मला त्याला थांबवायचंय. कसं थांबवू?

– एक आई, लीहाय


प्रिय ताई,

कसं थांबवू, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि असतं तरी मी ते दिलं नसतं. मुलगा सज्ञान आहे. नव्या सभासदाला मिशनला जाण्याआधी साधारण वर्षभर थांबावं लागतं, तेवढं तो थांबला. म्हणजे मित्रांच्या नादाने एका रात्रीत उठून निघालेला नाही. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. ‘गेलास तर परत येऊ नकोस.’ ते वाक्य मुलगा निघायच्या आधी मागे घेतलं गेलं पाहिजे, आणि ज्यांनी उच्चारलं त्यांच्याच तोंडून. बाकी सगळं मी त्यानंतर सांगते.

1996 ते 2003 ही सात वर्षं मी सॉल्ट लेक सिटीत होते. आमच्या शेजारच्या घरात पाच मुलं. थोरला ब्राझीलला मिशनवर गेला. त्या काळी मिशनरींना घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळात आणि मदर्स डेला. बाकी आठवड्याला एक पत्र. मदर्स डेच्या दिवशी मी त्यांच्याकडे केळ्याचे काप घेऊन गेले होते. ती बाई भिंतीवरच्या फोनजवळ स्टूल टाकून बसली होती आणि ओट्यावर स्वयंपाकाचा टायमर लावलेला, म्हणजे बोलण्यातला प्रत्येकाचा वाटा सारखा राहावा. फोन आला तेव्हा तिने पहिल्यांदा टायमर उलटा करून ठेवला. मी काप तिथेच ठेवून परत आले.

दुसरा मुलगा गेला आणि पाच महिन्यांत घरी आला. आजारी नव्हता, निदान दिसायला नव्हता. त्याला तिकडे झोप लागेनाशी झाली होती, आपण पुरेसे पवित्र नाही असं वाटून तो रात्र रात्र प्रार्थना करायचा. ज्या वॉर्डाने, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीने, त्याला वाजतगाजत पाठवलं होतं, तिथे आता त्याच्याबद्दल कुणी बोलेना. तो उन्हाळ्यात घरापुढचं गवत दिवसा कापायचा नाही. अंधार पडल्यावर, व्हरांड्यातल्या दिव्याच्या उजेडात कापायचा. त्याच्या आईने त्याला जवळ केलं होतं, म्हणून तो तगला असं मी आजही मानते. ताई, त्या मुलाला परतायला घर होतं. तुमच्या मुलाला आजच्या घडीला तेवढंही नाही, कारण बापाने दार बंद केलंय. उद्या मनिलाच्या एखाद्या गल्लीत त्याला रात्री झोप लागेनाशी झाली, तर तो कुणाला सांगेल? तो तसाच ओढत राहील, कारण मागे फिरायची वाट बापाच्याच शब्दाने अडवलेली असेल.

म्हणून यजमानांना हे दाखवा. त्यांचा राग मला कळतो. त्यांना फसवल्यासारखं वाटतंय. बाप्तिस्मा झाल्यावर तीन दिवसांनी कळणं हे लागणारंच आहे, आणि मुलाने त्याबद्दल माफी मागायला हवी, असं त्यालाही माझ्या वतीने सांगा. पण बापाने मुलाला एवढंच म्हणायचंय: ‘तुझा निर्णय मला पटलेला नाही. पण दोन वर्षांनी ये, दोन महिन्यांनी ये, घर तुझं आहे आणि तिकीट मी काढीन.’ आणि मग त्या तिकिटाचे पैसे खरोखर एका वेगळ्या खात्यात टाकून ठेवायचे. त्याला ते एकदाच सांगायचं, पुन्हा पुन्हा नाही, नाहीतर तो त्याला दबाव समजेल.

आता तो नेमका कशाला चाललाय ते पाहू, कारण तुमच्या पत्रात भीती पुष्कळ आहे आणि माहिती थोडी. तो नऊ वर्षं तुमच्या आजूबाजूला चालू असलेल्याच गोष्टीत शिरतोय. या चर्चचे 2024 च्या अखेरीस जगभर 74 हजारांहून जास्त मिशनरी होते. बहुतेक सगळे तुमच्या मुलाच्याच वयाचे. मुलांसाठी किमान वय 19 वरून 18 वर 2012 मध्ये आणलं गेलं. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. देश कुणी स्वतः निवडत नाही, अर्ज गेला की सॉल्ट लेकहून नेमणूक येते. पगार नसतो. उलट अमेरिकेतून जाणाऱ्याला महिन्याला पैसे भरावे लागतात. ती रक्कम 2020 मध्ये 400 वरून 500 डॉलर झाली, आणि तुम्ही टोकियोला जा की मनिलाला, तेवढीच. त्याने स्वतः साठवले असतील तर उत्तम, नसतील तर त्याचा वॉर्ड हातभार लावू शकतो. यजमानांनी द्यायलाच हवेत असं मुळीच नाही. ‘पैसे देणार नाही’ हा त्यांचा अधिकार आहे. ‘परत येऊ नकोस’ हा नाही.

निघण्याआधीचा एक आठवडा तुमच्याच घरात जाईल, त्याची तयारी ठेवा. हल्ली प्रशिक्षणाची सुरुवात घरी बसून, ऑनलाइन होते. स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे अनेक वॉर्डांचे प्रमुख, त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला मिशनरी म्हणून नेमतील, आणि दुसऱ्या दिवसापासून तो तुमच्या जेवणाच्या टेबलावर सकाळपासून टागालोग शिकत बसलेला असेल, छातीवर काळा बिल्ला, त्यावर ‘एल्डर’, म्हणजे मिशनरी मुलांना लावतात ती पदवी, आणि पुढे तुमचं आडनाव. त्या आडनावाने यजमानांना काय होईल याची मला कल्पना आहे. त्या आठवड्यात टीव्हीचा आवाज कमी ठेवा आणि त्याच्या आवडीचं करून घाला. नंतर प्रशिक्षण केंद्रात भाषेसाठी काही आठवडे. ते प्रोव्होला असेल तर तुमच्यापासून अर्ध्या तासावर, आणि तरी भेटता येणार नाही. हे मी आधीच सांगून ठेवते. पुष्कळ आया गाडी घेऊन त्या रस्त्याने उगाच चक्कर मारून येतात.

तिथे गेल्यावर सकाळी साडेसहाला उठणं, अभ्यास, दिवसभर घरोघर आणि रस्त्यावर माणसांना भेटणं, साडेदहाला झोप. सोबत कायम एक कम्पॅनियन, तोही तरुण मुलगा, बहुधा दुसऱ्याच देशातला किंवा फिलिपिनोच. दोघांनी एकमेकांना सोडून कुठे जायचं नाही. दर सहा आठवड्यांनी ‘ट्रान्सफर’ असते, म्हणजे कम्पॅनियन किंवा गाव बदलू शकतं. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, पोहणं नाही. या सगळ्यात सगळ्यात अवघड काय असेल तर ते कम्पॅनियनबरोबर निभावणं. एकाला घोरायची सवय, दुसरा भांडी घासत नाही, तिसरा सतत टोकतो, आणि दार लावून पाच मिनिटं एकटं बसायची सोय नाही. एकुलत्या एक मुलाला हे फार जड जातं. तुमचा एकुलता आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

देश मात्र चांगला मिळालाय, हे मी मनापासून म्हणते. हे चर्च फिलिपीन्समध्ये 1961 पासून काम करतंय, तिथे त्यांची मोठी वस्ती आहे, मनिलात 1984 पासून त्यांचं मंदिर, म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळी, खास विधींची वास्तू आहे. म्हणजे मुलगा ओसाड जागी पडणार नाही, दर रविवारी कुणीतरी त्याला जेवायला बोलावेल. आणि तिथली माणसं त्याला परकी वाटणार नाहीत. तिकडे लहान माणूस मोठ्याचा हात धरून तो आपल्या कपाळाला लावतो, त्याला ‘मानो’ म्हणतात. मोठ्यांशी बोलताना वाक्यात ‘पो’ घालतात, आपण ‘अहो’ म्हणतो तसं. भाषेत त्याला आपले शब्द भेटतील: चेहऱ्याला ‘मुखा’, शिक्षकाला ‘गुरो’, आशेला ‘पागआसा’. सांगलीच्या आजीने घडवलेल्या पोराला वाकून नमस्कार करायला शिकवावं लागणार नाही. जेवणाचं म्हणाल तर डुकराचं मांस आणि सुकी मासळी पावलोपावली असेल. शाकाहारी असेल तर त्याने पहिल्याच दिवशी हसून सांगून टाकावं. पण मुगाचं दाटसर कालवण, ‘मोंगो’, घरोघर होतं आणि त्यात शेवग्याचा पाला घालतात. शेवग्याला ते ‘मालुंगगाय’ म्हणतात. जाण्याआधी शेवग्याच्या पाल्याची भाजी करून त्याला हे सांगा. तिकडे पहिल्यांदा ते पान ताटात दिसेल तेव्हा त्याला तुमची आठवण होईल.

धोके लपवणार नाही. डेंग्यू आहे, वाहतूक बेफाम आहे, वादळं येतात. नोव्हेंबर 2013 च्या हैयान वादळात, ज्याला तिकडे योलांडा म्हणतात, ताक्लोबान भागातल्या मिशनरींची खबर घरच्यांना काही दिवस लागली नव्हती. ते सगळे सुखरूप निघाले, पण त्या दिवसांत त्यांच्या आयांवर काय गुदरलं असेल! मिशन प्रेसिडेंट आणि त्यांची बायको असं तीन वर्षांसाठी नेमलेलं एक वयस्क जोडपं असतं, दोघं मिळून तिथल्या मुलांकडे बघतात. त्या ऑफिसचा नंबर मुलगा पोचायच्या आत तुमच्या फोनमध्ये असू द्या.

आता फोन. 2019 पासून मिशनरी दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करू शकतात, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, ज्याला ते पी-डे म्हणतात. हा फोन हीच तुमची सगळी ताकद आहे, तिची नासाडी करू नका. त्यात धर्मावर वाद नाही, ‘कधी येणार’ नाही, ‘तुझ्या बाबांचं बीपी तुझ्यामुळे’ हे तर नाहीच नाही. आणि बोला मराठीत. हे मी मुद्दाम सांगतेय. कम्पॅनियन त्याच खोलीत बसलेला असणार. इंग्रजीत तुमचा मुलगा ‘सगळं छान आहे’ एवढंच म्हणेल. मराठीत तो बोलेल, कारण शेजारच्याला काही कळणार नाही. इतर मिशनरी मुलांना न मिळणारी ही मुभा आहे.

विचारायचं ते साधं. काय खाल्लंस, झोप किती, कम्पॅनियन कुठला, आज कुणी हसवलं का. सलग तीन आठवडे तेच पाठ केल्यासारखं वाक्य आलं, झोप नाही म्हणाला, उपास वाढवले, ‘मी कमी पडतोय, माझ्या चुकीमुळे लोक येत नाहीत’ असं ऐकू आलं, तर सावध व्हा. आमच्या शेजारच्या मुलाची सुरुवात अशीच झाली होती. आता त्या चर्चनेच मिशनरींसाठी ताणाबद्दल एक पुस्तिका काढली आहे, त्यात ताणाच्या चार पायऱ्या रंगांनी दाखवल्या आहेत: हिरवा, पिवळा, केशरी, लाल. मुलाशी ते रंग आत्ताच ठरवून ठेवा. फोनवर तुम्ही फक्त ‘रंग कोणता रे?’ विचारायचं. केशरी म्हणाला तर मिशन प्रेसिडेंटशी बोलायचं आणि डॉक्टर मागायचा. लाल म्हणाला तर त्या वेगळ्या खात्यातून तिकीट काढायचं. तब्येतीमुळे मध्येच परतलेली मुलं घरी राहून सेवेचं मिशन पुरं करू शकतात, असाही मार्ग आहे, तोही त्याला ठाऊक असू द्या.

कागदपत्रांचं काम तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मला त्याचीच घाई वाटते. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. ग्रीन कार्डवाला एक वर्षाहून जास्त बाहेर राहिला तर ते कार्ड परतीला चालत नाही. त्यासाठी री-एंट्री परमिट लागतं, अर्ज आय-131, आणि तो अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, बोटांचे ठसेही द्यावे लागतात. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं, मिळाल्याच्या तारखेपासून, म्हणजे हिशेब काठावर येतो. नागरिकत्वासाठी सलग वास्तव्य लागतं, ते इतक्या दिवसांनी तुटतं. पण धर्मप्रचारकांसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, अर्ज एन-470. तो त्याला लागू होतो का, हे इमिग्रेशन वकिलाला या आठवड्यात विचारा. चर्चमधली अमेरिकन मंडळी प्रेमळ आहेत, पण त्यांच्या मुलांना हा प्रश्न कधी पडलेला नसतो, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नका. विद्यापीठाकडून प्रवेश आणि शिष्यवृत्ती राखून ठेवल्याचं पत्र लेखी घ्या. युटातल्या विद्यापीठांना याची सवय आहे. हे काम यजमानांकडे द्या. ज्या बापाला बोलता येत नाही, त्याला पुष्कळदा फॉर्म भरता येतो.

फेअरवेलला जा. रविवारच्या सभेत तो दहा-पंधरा मिनिटं बोलेल, बस्स. ख्रिस्ताच्या स्मरणाचे पाव आणि पाणी फिरेल, ते तुम्ही घ्यायलाच हवं असं नाही, पुढे सरकवायचं. साडी नेसून, कुंकू लावून जा. तुम्ही कोण आहात हे तिथे कुणालाही दिसेल, आणि तुम्ही त्याची आई आहात हेही. याला मान्यता म्हणत नाहीत. निघण्याआधीचा मंदिरातला विधी मात्र वेगळा, तिथे सभासदांखेरीज कुणाला जाता येत नाही. तो दिवस तुम्हाला लागेल. त्या दिवशी घरात एकट्या बसू नका.

माझं मतही लपवत नाही. कुणाच्या दारात जाऊन ‘तुमचा देव अपुरा आहे’ असं सुचवणं मला पटत नाही, आणि फिलिपीन्सचे बहुतेक लोक आधीच ख्रिस्ती आहेत, त्यांना पुन्हा ख्रिस्त सांगायला जाण्यामागचा विचार मला समजून घ्यावा लागला. तुम्हालाही पडतील ते प्रश्न त्याला विचारा. या चर्चने शंभराहून जास्त वर्षं, 1978 पर्यंत, कृष्णवर्णीयांना पुरोहितपद नाकारलं होतं, हे त्याला माहीत आहे का आणि तो त्याकडे कसं बघतो, हे विचारा. उलटतपासणी नको. ऐकायचं आहे म्हणून विचारा. आपल्याकडे नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षं वेगळं राहून काढली. ती दोघं पुन्हा एकत्र आली. तोपर्यंतच्या त्या वर्षांचं दुःख त्या घराने भोगलं. तुम्हाला ते भोगायची गरज नाही, कारण तुमचा मुलगा स्वतःहून ‘ये’ म्हणतोय.

गणपती कोण आणणार, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण तो विचार तुमच्या मनात असणारच. तो ऑक्टोबरमध्ये निघतोय, म्हणजे यंदाचा गणपती त्याच्या समोर येईल. त्याने आरतीला उभं राहायचं की नाही, हे त्याच्यावर सोडा. मोदक मात्र त्याच्या वाटणीचे ठेवा.

आणि सासूबाईंना खोटं सांगू नका. 84 वर्षांच्या बाईने तुमच्याहून जास्त पाहिलंय. दोन वर्षं दर आठवड्याला ‘ट्रेनिंग संपलं का’ असं त्या विचारतील आणि तुम्ही एकावर एक रचत बसाल. फोन मुलालाच करू द्या. शनिवारी रात्री नऊला लावलात तर आत्ताच्या उन्हाळ्याच्या वेळेत सांगलीत रविवारचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, आजींचा चहा झालेला असेल. स्पीकर चालू ठेवा, आणि तो बोलेपर्यंत तुम्ही मध्ये बोलू नका.